चाचांसाठी बत्तीस बोअर

आमच्या घरात दुपारच्या जेवणाला बंदुकीच्या गोळ्यांचा विषय असायचा. दुसऱ्यांच्या घरी व्हिसाचं रिन्यूअल, शाळेचे मार्क, कोणाच्या मुलीचं कुठे जमलं, असलं काहीबाही चालायचं. आमच्याकडे अम्मी भाकरी वाढत असायची आणि अब्बा सांगत असायचे की तरसाच्या जबड्याचं हाड किती जाड असतं. अबू धाबीजवळ मुसफ्फाच्या शाबिया वस्तीत आमचा दोन खोल्यांचा फ्लॅट होता. खाली कॅफेटेरिया, त्यामुळे जिन्यात कायम करक चहाचा आणि पराठ्याच्या तेलाचा वास. अब्बांचं दुकान एक वाजता बंद व्हायचं आणि पाचला पुन्हा उघडायचं. माझी शाळेची बस पावणेतीनला यायची आणि तोवर ते जेवायचे थांबायचे. मी दप्तर टाकून हात धुते न धुते तोच ताट समोर यायचं: तांदळाची भाकरी, शेरी मासळीचं नारळाचं कालवण, आणि अम्मीला स्वयंपाकाचा कंटाळा आला असेल त्या दिवशी बेकरीतलं कुबूस आणि डाळ. आमचा एसी इतका घरघरायचा की बोलायचं तर आवाज चढवूनच. आजही जेवताना कोणी हळू बोलायला लागलं की मला वाटतं, काहीतरी वाईट बातमी आहे.

अब्बा शिकारीच्या सामानाच्या दुकानात सेल्समन होते. पुढे तंबू, दुर्बिणी, शेगड्या, ससाण्यांच्या डोळ्यांवर घालायच्या चामड्याच्या टोप्या. आत काचेमागे लायसन्स दाखवल्यावरच उघडणारी कपाटं. त्या कपाटांपाशी ते वीस वर्षं उभे होते. स्वतः मात्र आयुष्यात एकदाच, लहानपणी गावी, आजोबांच्या डबल बारी बंदुकीतून बार काढला होता आणि खांदा आठ दिवस काळानिळा झाला होता. बाकी सगळं ज्ञान वाचून, ऐकून, आणि परत आलेल्या गिऱ्हाइकांना विचारून मिळवलेलं. रिकामं काडतूससुद्धा कधी घरी आणलं नाही. निघताना दुकानातच खिसे उलटे करून बघायचे. "इथे या बाबतीत चूक झाली की खलास. नोकरी, व्हिसा, सगळं," म्हणायचे. म्हणून आमच्या टेबलावर गोळ्यांच्या जागी खजुराच्या बिया असायच्या. एक बी टोकदार, एक फरशीवर घासून चपटी केलेली, एक टोकाला कोरून पोकळ केलेली. अम्मी रोज त्या केरात टाकायची आणि अब्बा रोज नव्या तयार करायचे.

त्यांची एक पद्धत होती आणि तिचा त्यांना फार अभिमान होता. गिऱ्हाईक आलं की ते आधी बंदुकीचं नावच काढायचे नाहीत. पहिला प्रश्न जनावराचा: कोणतं, किती वजनाचं, कातडी जाड की पातळ, किती अंतरावर गाठेल. दुसरा प्रश्न हाताचा: मनगट कसं आहे, आधी कधी चालवली आहे का. तिसरी गोळी. आणि कॅलिबर सगळ्यात शेवटी. "लोक उलटं करतात, सलमा. आधी कॅलिबर ठरवतात आणि मग जनावर त्यात बसवतात. जनावर थोडंच बसतं?" बिबट्या अंगाने हलका, कातडी पातळ, त्याला पोकळ टोकाची गोळी चालते, आत जाऊन फुलते. रानडुकराला तीच मारली तर चरबीतच फुलून थांबते. त्याला कडक शिशाची, जड, चपट्या टोकाची गोळी पाहिजे, हाडातून पार जाणारी. मोठ्या नराच्या खांद्यावर तर कातडीखाली कूर्चेची ढाल असते, बोटभर जाड. हे सगळं मला चौदाव्या वर्षी पाठ होतं. शाळेत बायोलॉजीच्या टीचरला मी रानडुकराच्या ढालीबद्दल सांगितलं, तेव्हा तिने घरी फोन केला होता.

एका संध्याकाळी मी दुकानात बसले होते, तेव्हाचं आठवतं. बू सालिम नावाचे एक वयस्क स्थानिक गृहस्थ आले. आफ्रिकेत शिकारीला चालले होते, रायफल होती, पण रात्री तंबूत उशाला ठेवायला काहीतरी पाहिजे होतं. त्यांनी थेट सगळ्यात मोठ्या चव्वेचाळीस मॅग्नम रिव्हॉल्वरवर बोट ठेवलं. त्यांचं हिंदी अब्बांच्या हिंदीपेक्षा बरं होतं. "इब्राहिम, ये दे दो. सिंह आया तो?"

"हबीबी, सिंह रात को आएगा तो आपके पास कितना टाइम है?"

"दो सेकंड."

"दो सेकंड में कितनी बार चलाएगा?" अब्बांनी रिकामं रिव्हॉल्वर त्यांच्या हातात दिलं आणि हात पुढे धरून ठेवायला सांगितलं. अर्ध्या मिनिटात बू सालिम यांचं मनगट थरथरायला लागलं. "ये एक बार चलेगा, फिर नळी आसमान में. दूसरी गोली के वक्त सिंह आपके ऊपर. मतलब ये एक ही गोली की बंदूक हुई." मग त्यांनी तीनशे सत्तावन्न मॅग्नम काढलं, लांब नळीचं, आणि त्याला जड, भरीव शिशाच्या गोळ्या. आणि शेवटी म्हणाले, "सिंह के लिए ये भी कम ही है. उसके लिए रायफलवाला आदमी बाहर खडा करो. मैं आपको झूठ बोलके नहीं बेचेगा." बू सालिम खूश होऊन गेले. महिन्याभराने खजुराचा डबा घेऊन परत आले आणि सगळ्या दुकानासमोर म्हणाले की इब्राहिम कमी असेल तर कमी आहे असंच सांगतो. अब्बांनी त्या डब्यातले खजूर महिनाभर पुरवले.

ही सगळी हकीकत मी सांगते आहे ती रफिकचाचांमुळे. चाचा म्हणजे अब्बांचे धाकटे भाऊ, श्रीवर्धनच्या अलीकडे आमच्या गावी राहायचे. तिथे आमची सुपारीची वाडी, मध्ये थोडे नारळ, केळी आणि सुरण. अब्बा पगारातून पैसे पाठवायचे, चाचा वाडी सांभाळायचे. आमच्याकडच्या घरांत तेव्हा हीच रीत होती: जो गल्फला आहे तो ठरवणार, जो गावी आहे तो करणार. घराला कोणता रंग द्यायचा, पंप कोणत्या कंपनीचा आणायचा, बहिणीला कोणत्या घरात द्यायचं, सगळं फोनवरून ठरायचं. समोर उभ्या असलेल्या माणसाला जे दिसतं ते दोन हजार किलोमीटरवरून कसं दिसणार, असा प्रश्न कोणी विचारायचं नाही. चाचा तर नाहीच नाही. त्यांना भाईचा शब्द म्हणजे शेवटचा.

चाचा एकदा सुपारीच्या झाडावरून पडले होते. जीव वाचला, पण डावा हात खांद्याच्या वर जाईना. आजोबांची डबल बारी तेव्हापासून भिंतीवरच राहिली, कारण ती दोन हातांनीच उचलावी लागते. आणि नेमका त्यानंतरच रानडुकरांचा त्रास वाढला. वाडीच्या पंपाला लाइट पहाटे यायची, त्यामुळे चाचांना उजाडायच्या आधी एकट्याने जाऊन पाणी लावावं लागायचं. एक दिवस आम्ही जेवत असताना त्यांचा फोन आला. अब्बांनी फोन नेहमीप्रमाणे पाण्याच्या तांब्याला टेकवून ठेवला, म्हणजे सगळ्यांना ऐकू येईल.

"भाई, आज पुन्हा आलेला. सुरणाची सगळी रांग उकरली. एकांडा आहे, मोठा. मला बघून पळाला नाही. उभाच राहिला, भाई, माझ्याकडे बघत."

"मग?"

"मग काय, मीच मागे फिरलो. पाणी नाही लावलं." चाचा म्हणाले, "एक बोलू? तो मुंबईवाला पुन्हा येऊन गेला. रिसॉर्टला पाहिजे त्याला जागा. भाव चांगला देतोय. काढून टाकूया का? मी नाक्यावर छोटं दुकान टाकीन. मला आता तिथे जायची भीती वाटते, खरं सांगतो."

अम्मीचा हात वाढता वाढता थांबला. ती म्हणाली, "ऐका त्याचं. हात असा, पहाटेची वेळ. विकून टाका."

अब्बा ताटाकडे बघत होते. त्या वाडीच्या कोपऱ्यात त्यांनी मनातल्या मनात घर बांधलेलं होतं. वहीत नकाशा होता, पुढे पडवी, पडवीत झोपाळा, विहिरीकडे तोंड करून माझ्या अम्मीचं स्वयंपाकघर. वीस वर्षं काउंटरमागे उभं राहणाऱ्या माणसाला असं काहीतरी लागतं, हे आता मला समजतं. तेव्हा समजत नव्हतं. तेव्हा मला ती वाडी म्हणजे सुट्टीतले डास आणि लाइट नसलेल्या दुपारी एवढंच वाटायचं.

"वाडी विकायची नाही, रफिक," ते म्हणाले. "मी बघतो काहीतरी."

आणि त्यांनी बघायला सुरुवात केली. एका हाताने चालेल, कमरेला लागेल अशी वस्तू पाहिजे, म्हणजे रिव्हॉल्वर. माझी गणिताची अर्धी कोरी वही त्यांनी आधीच घेतलेली होती. तिच्यात ते मराठीतून लिहायचे, कारण दुकानात केरळचे आणि पाकिस्तानचे लोक होते, कोणाला वाचता येऊ नये म्हणून. डाव्या बाजूला जनावरं, वर कॅलिबरं, आणि चौकटीत शेरे. रानडुकराच्या ओळीत लिहिलं होतं: ४४ मॅग्नम, उत्तम, मनगट पाहून. ३५७, जड कडक शिसं घेतल्यास चालेल. १० मिमी, चालेल. ९ मिमी, नाइलाज असेल तर. ३२ बोअर, अपुरं, जनावर फक्त चिडेल. हा शेवटचा शेरा दोनदा अधोरेखित केलेला होता. मी ते वाचलं होतं. वहीच माझी होती, तेव्हा मी ती हक्काने उघडायची.

मग महिनाभर दुपारचं जेवण म्हणजे लायसन्सची चर्चा. अब्बांनी मुंबईच्या डीलरांना फोन केले, चाचांना जिल्ह्याच्या ऑफिसात चार खेपा घालायला लावल्या, पोलिसांची चौकशी, डॉक्टरचा दाखला, साक्षीदार. आणि शेवटी कळलं ते असं, की आपल्याकडे साध्या माणसाला नवं मिळण्यासारखं रिव्हॉल्वर म्हणजे सरकारी कारखान्यातलं बत्तीस बोअर. त्याच्या वरचं बहुतेक सगळं बंदीत, नाहीतर कोणाच्या तरी आजोबांच्या काळातलं विलायती, ज्याचा भाव ऐकून डीलरच हसला. बत्तीसचं मात्र जमण्यासारखं होतं. "साडेचार हजार दिरहम. म्हणजे आपले लाखभर रुपये," अब्बा मोठ्याने म्हणाले आणि अम्मी उठून आत गेली.

त्या दिवशी त्यांनी वहीचं पान उलटलं. नव्या पानावर वर लिहिलं, रफिक. आणि खाली पहिलीच ओळ, ३२. मी शेजारी बसून भाकरीचा तुकडा कालवणात बुडवत होते. मी म्हटलं, "अब्बा, यू ऑलवेज स्टार्ट विथ द ॲनिमल."

"भाकरी खा," ते म्हणाले.

त्यांनी निदान गोळी तरी बरी शोधायची म्हणून जिवाचं रान केलं. दुकानातला कॉम्प्युटर, परदेशी शिकाऱ्यांची चर्चा, प्रिंटआउट. बत्तीसलाच चपट्या टोकाची, कडक शिशाची गोळी असते, ती आत सरळ जाते, एवढं त्यांना मिळालं आणि त्यांचा चेहरा उजळला. मग पुन्हा मुंबईला फोन. डीलर म्हणाला, साहेब, एकच प्रकार येतो, गोल टोकाचा, मऊ शिशाचा. तोही लायसन्सवर वर्षाला मोजका. म्हणजे कॅलिबर निवडायचं नव्हतं, गोळी निवडायची नव्हती. निवडायचं फक्त एवढंच होतं की चाचांना वाडीत जाऊ द्यायचं की नाही. हे मी आज लिहिते आहे. तेव्हा त्या टेबलावर हे कोणीच बोललं नाही. अम्मी एकदा बोलली होती आणि पुन्हा बोलली नाही, अब्बा बोलणार नव्हते, आणि मी मूग गिळून बसले.

रिव्हॉल्वर आल्यावर अब्बांनी फोनवरून चाचांची शिकवणी सुरू केली. शुक्रवारी नमाजनंतर, व्हिडिओ लावून. कॅलेंडरच्या मागच्या बाजूला त्यांनी रानडुकराचं चित्र काढलं होतं, ते मी धरून उभी राहायची. खांद्यावर मोठी लाल फुली: इथे नाही, इथे ढाल आहे. डोळा आणि कान यांच्या मधोमध बारीक ठिपका: इथे. कानामागे दुसरा ठिपका: नाहीतर इथे. "घाई नाही करायची. दहा पावलांच्या आत येऊ दे. पाच असेल तर आणखी चांगलं."

"पाच पावलं!" चाचा हसून म्हणाले. "भाई, पाच पावलांवर तो माझा मुका घेईल!" मागून चाचीचं हसणं ऐकू आलं. मीसुद्धा हसले, आणि हातातलं डुक्कर हललं म्हणून अब्बा माझ्यावर ओरडले. चाचा मन लावून शिकायचे. खरं रिव्हॉल्वर कपाटात ठेवून हातात लाकडाचा तुकडा घ्यायचे, डावा हात पोटाशी, उजवा सरळ. एखाद्या शहाण्या मुलासारखे अब्बांच्या प्रत्येक वाक्याला "हा भाई, हा भाई" म्हणायचे. आणि एका शुक्रवारी, सगळं झाल्यावर, फोन ठेवता ठेवता त्यांनी विचारलं.

"भाई, भिकूदादा बोलत होता, हे लहान आहे म्हणून. होईल ना काम याने?"

भिकूदादा म्हणजे शेजारचा म्हातारा, तरुणपणी शिकारीत हाकारे घालायचा. अब्बांनी माझ्याकडे पाहिलं. मला वाटतं त्यांना आठवलं की मी वही वाचते. दोघांनाही तो शेरा पाठ होता. मग ते फोनकडे वळून म्हणाले, "होईल. नेम बरोबर ठेवलास तर होईल. इन्शाल्ला."

"बस मग. तू बोललास ना," चाचा म्हणाले.

मी कॅलेंडर गुंडाळलं. मला बोलता आलं असतं. चाचांचा फोन अजून चालू होता, तेवढा वेळ होता. मी "आय हॅव होमवर्क" म्हणून आत गेले आणि खोटंच पुस्तक उघडून बसले. लहान होतीस, असं माझा मुलगा म्हणतो. मी आता त्याच्याकडे दुबईत सिलिकॉन ओएसिसला राहते, माझे केस अब्बांच्या तेव्हाच्या केसांपेक्षा पांढरे आहेत, आणि मुलाचं हे म्हणणं मला पटत नाही. चौदाव्या वर्षी मला चार जनावरांची कातडी आणि सहा गोळ्यांचे गुण पाठ होते. एवढं कळत असेल तर एक वाक्यही बोलता येतं.

थंडी संपत आली होती. इथे त्या दिवसांत सकाळी असं धुकं पडतं की समोरची बिल्डिंग दिसत नाही. बस उशिरा येणार असा मेसेज आला होता म्हणून मी घरीच होते, अब्बा चहात खारी बुडवत होते. फोन चाचीच्या नंबरवरून आला, पण बोलत होता दुसराच कोणीतरी पुरुष. अब्बा ऐकत राहिले. त्यांच्या हातातली खारी चहात पडली. आणि त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो हा: "किती गोळ्या मारल्या त्याने?"

अम्मीने फोन त्यांच्या हातून ओढून घेतला. तिनेच पुढचं ऐकलं, तिनेच "इन्ना लिल्लाहि" म्हटलं, तिनेच भिंतीला टेकून खाली बसत आम्हाला सांगितलं. पहाटे, पंपाच्या खोपटापाशी. मांडीची मोठी नस तुटली. तालुक्याच्या दवाखान्यात नेता नेता वाटेतच गेले. अब्बा उभेच होते. मी त्यांना हात लावला तर ते माझ्याकडे असं बघायला लागले, जणू मी त्यांच्या ओळखीचीच नाही. दुपारच्या विमानाने ते गेले. पण आमच्यात मय्यत ठेवत नाहीत. ते पोचले तेव्हा दफन होऊन गेलं होतं. भावाचा चेहरा त्यांना बघायला मिळाला नाही.

आठ दिवसांनी ते परत आले आणि जेवायला बसले. त्यांनी स्वतःच सांगायला सुरुवात केली, दुकानात गिऱ्हाइकाला सांगायचे तशी, एकेक मुद्दा. डुक्कर ओढ्यापाशी मेलेलं सापडलं, ऐंशी पावलांवर. वनखात्याच्या डॉक्टरने उघडलं तेव्हा भिकूदादा शेजारी उभा होता. रफिकने सहाही गोळ्या मारल्या. एक चुकली. एक बरोबर कान आणि डोळ्याच्या मध्ये, पण कवटीवरून घसरली. दोन खांद्याच्या ढालीत, कातडीखालीच अडकलेल्या. दोन मानेत. त्यातली एक पोचली. "म्हणजे नेम बरोबर होता," अब्बा म्हणाले. "मी सांगितलं तसंच केलं त्याने. जवळ येऊ दिलं. घाई नाही केली. जनावर मेलंच शेवटी. फक्त वेळ लागला." मग त्यांनी भाकरी मोडली, ताटात ठेवली, आणि हात धुवायला उठले.

त्यांनी मालकाला सांगून पुढच्या बाजूला, तंबू आणि शेगड्यांच्या काउंटरवर बदली मागून घेतली. बू सालिम एकदा येऊन चौकशी करून गेले, तेव्हा त्यांना एक घडीची खुर्ची विकली. वही मी शोधली, ती मिळाली नाही. वाडी वर्षभरात त्याच मुंबईवाल्याने घेतली. पाणी न मिळाल्याने निम्मी सुपारी वाळली होती, म्हणून भावही पडला. आलेले पैसे अब्बांनी सगळे चाचीच्या नावावर ठेवले आणि स्वतः साठीपर्यंत इथेच उभे राहिले. पडवी, झोपाळा, विहीर, यातलं काही पुन्हा त्यांच्या तोंडून निघालं नाही. अम्मी आधी गेली, मग ते. दोघेही भाड्याच्याच घरात.

पण मला सांगायचा आहे तो चाचांच्या चाळिसाव्या दिवसानंतरचा शुक्रवार. अब्बा जुम्म्याच्या नमाजला गेले होते, अम्मी खाली सामान आणायला. चाचीचा फोन आला. मी अब्बा नाहीत म्हटलं, तर ती म्हणाली, बरं झालं, तुझ्याशीच बोलते. बराच वेळ इकडचं तिकडचं बोलली. मग म्हणाली, "सलमा, तुझे चाचा रोज घाबरून जायचे गं. भिकूदादाने त्यांना साफ सांगितलेलं, रफिक, याने ते मरायचं नाही. त्यांना पटलेलं होतं. मला बोलायचे, याच्यापेक्षा मी ताट वाजवत गेलो तर बरं. मी म्हटलं, मग भाईंना सांगा, जमत नाही म्हणून. तर म्हणाले, भाई तिकडे उभं राहून राहून पाय सुजवतो, माझ्यासाठी एवढा अभ्यास केला त्याने, एवढे पैसे घातले. आता नको कसं म्हणू? त्याला वाईट वाटेल. त्याला वाडी पाहिजे." चाची रडत नव्हती. "त्या दिवशी फाटकापाशी दोनदा मागे फिरले. चप्पल बदलली, पाणी प्यायले. मी म्हटलं, आज राहू द्या. तर गेले." मग तिने मला विचारलं की अभ्यास कसा चाललाय, आणि फोन ठेवला.

मी स्वयंपाकघरात जाऊन भात चढवला. अम्मी आली, अब्बा आले. डोक्यावरची टोपी काढून घडी करून खिशात ठेवली, जेवायला बसले. अम्मी मीठ आणायला आत गेली. एसी चालू होता, तरी अब्बा हळू आवाजात बोलले, मला पुढे झुकून ऐकावं लागलं.

"आज दुआ मागताना एक मनात आलं, सलमा. माझ्याकडून झालं ते झालं, त्याचा जबाब मी वर देईन. पण एवढं बरं की तो बेफिकीर गेला. त्याला खात्री होती. रोज पहाटे भीत भीत गेला असता, तर ते मला सहन झालं नसतं."

ते माझ्याकडे बघत होते. मी त्यांच्या ताटात भात वाढत होते.

"हो, अब्बा," मी म्हणाले.